कृपासदन: पंडिता रमाबाईंनी उघडलेलं एक दार

१८९९ च्या सुमारास, पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी आणखी एक घर उघडलं. शारदा सदन आधीपासून होतं. विधवांसाठी ते १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं होतं. या नव्या घराचं नाव कृपासदन. फसवल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या, बाजारात बसवल्या गेलेल्या बायकांसाठी ते होतं. विधवेची कणव करणारे लोकही ज्यांचा विषय निघाला की गप्प होत, त्या या बायका.

देवाची कृपा पाप्यासाठी आहे, हे आम्ही ख्रिस्ती लोक दर रविवारी म्हणतो. गीतात म्हणतो, प्रार्थनेत म्हणतो, प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, पुढे जाताना म्हणतो. पण हे खरं धरून कुणी चालायला लागलं तर नेमकं काय करावं लागतं, कुठं अडतं, कोण रागावतं? हे पाहायचं असेल तर मराठी मुलखात कृपासदनाइतकं बोलकं प्रकरण मला दुसरं दिसत नाही. म्हणून ते इथं सविस्तर मांडतो. त्याची सुरुवात मात्र केडगावला नाही. ती सोळा वर्षं आधी लंडनमध्ये आहे.

फुलहॅमचं घर

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचविशीत होत्या. त्याआधीचं आयुष्य नुसतं मोजलं तरी छातीवर दडपण येतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. मग भाऊही गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीनं लग्न झालं; दोन वर्षं होण्याआधी पती कॉलऱ्यानं वारले, आणि कडेवर लहानगी मनोरमा. चित्पावन घरातली मुलगी, लग्न उशिरा, तेही जातीबाहेर, आणि आता विधवा. त्या काळच्या समाजाच्या वहीत रमाबाईंच्या नावापुढेही काट मारलेलीच होती. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

इंग्लंडात त्या वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघाकडे, म्हणजे ख्रिस्ती व्रतस्थ स्त्रियांच्या संघाकडे, राहिल्या. या संघाच्या भगिनी पुण्यात काम करत, ओळख तिथलीच. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना हवापालटासाठी लंडनच्या शाखेत पाठवलं. तिथल्या भगिनींनी त्यांना फुलहॅमला नेलं आणि समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांसाठी आपण काय करतो ते दाखवलं.

रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिली. तिच्यात या भेटीचं वर्णन थोडक्यातच आहे, पण तिथं लेखणी कापते हे कळतं. अशा बायकांसाठी काही करायचं असतं हेच त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तिथं समजलं. आपल्याकडे ज्या ख्रिस्ती लोकांना भ्रष्ट समजतात ते या बायकांशी मायेनं वागत होते. एका गोष्टीनं तर त्या थक्क झाल्या. पूर्वी याच घरात आसऱ्याला आलेल्या काही बायका आता आजाऱ्यांची आणि अपंगांची सेवा करत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी सगळं आयुष्य वाहून टाकलं होतं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र खोटं होईल. व्हिक्टोरियन इंग्लंडमधली असली घरं फुलांच्या बागा नव्हत्या. दिवसभर कपडे धुणं, ठरलेलं मौन, ठरलेली प्रार्थना, बाहेर जायची मनाई, असं तिथलं आयुष्य असे. कित्येक ठिकाणी शिक्षा आणि आसरा यांत फरक करणं अवघड होतं. वाँटेजचा संघही सुरुवातीच्या काळापासून असं काम करत आला होता. रमाबाई पाहुण्या म्हणून गेल्या आणि पाहुण्याला घराची पुढची खोली दिसते. तरीही त्यांना जे दिसलं ते खरं होतं असं मी मानतो, कारण आत घेतलेली बाई पुढे दुसरीला आत घेते, हा देखावा उभा करता येत नाही.

विहिरीवरची गोष्ट

रमाबाईंनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं: ख्रिस्ती लोक या बायकांची काळजी का घेतात? भगिनीनं उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

गोष्ट आपल्याला पाठ आहे म्हणून तिचं धाडस जाणवत नाही. शोमरोनातलं सूखार गाव, याकोबाची विहीर, ऐन दुपार. येशू थकून काठावर बसला आहे. एक बाई एकटीच पाण्याला येते. यहूदी माणूस शोमरोन्याशी व्यवहार ठेवत नाही, त्याच्या भांड्यातलं पीत तर नाहीच. येशू तिच्याकडे पाणी मागतो. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. कोणत्या विहिरीवर कुणी जायचं आणि कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर आपली गावं शतकानुशतकं वसली होती. देणारा मागणारा होतो आणि बोलणं तिथून सुरू होतं.

मग नवऱ्याचा विषय निघतो. तिला पाच नवरे होते आणि आता जो आहे तो नवरा नाही. येशूला हे ठाऊक आहे आणि तो ते बोलून दाखवतो. या अध्यायात ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असं तो म्हणत नाही. ‘पुन्हा पाप करू नको’ असंही म्हणत नाही. पाच नवरे मेले, की त्यांनी तिला टाकलं, हेही कुणी विचारत नाही. त्या काळी घटस्फोटाची सोय बहुतेक पुरुषाच्याच हाती होती, हे आपण उपदेश करताना विसरतो आणि तिला खुशाल बदफैली ठरवून मोकळे होतो. येशू तिच्याशी बोलतो ते उपासनेबद्दल, डोंगराबद्दल आणि यरुशलेमाबद्दल. धर्मातला सगळ्यांत जड प्रश्न तो गावानं बाजूला सारलेल्या बाईशी बोलतो, आणि मशीहा तो मीच, हे तिला उघड सांगतो. ती घागर तिथंच टाकून गावात पळते आणि लोकांना बोलावून आणते. गावकरी त्याला राहायचा आग्रह करतात. तो दोन दिवस शोमरोन्यांच्या गावात राहतो. म्हणजे त्यांच्या घरी, त्यांच्या पंक्तीला.

हा अध्याय वाचून ख्रिस्त खरोखर तारणारा आहे हे आपल्याला उमगलं, असं रमाबाई लिहितात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. बुद्धीची खात्री पटवायला ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांचं लेखन कारणी लागलं. पण मन ओढलं गेलं ते त्याआधी, फुलहॅममध्ये.

पिंगला होती, फुलेही होते

आपल्या पूर्वजांच्या ग्रंथांत असं काही वाचलं-ऐकलं नव्हतं, हे रमाबाईंचं म्हणणं मला जसंच्या तसं पुढे सरकवता येत नाही. त्या पुराणिकाच्या कन्या. भागवत त्यांच्या जिभेवर होतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात विदेह नगरीतली पिंगला वेश्या आहे. गिऱ्हाइकाची वाट पाहून एका रात्री ती विटते आणि देवाकडे वळते, आणि अवधूत तिला आपल्या गुरूंमध्ये धरतो. एकनाथांच्या भागवतामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली. मंगळवेढ्याची कान्होपात्रा वारकऱ्यांच्या मालिकेत आहे. पतितपावन हे विठ्ठलाचं नाव प्रत्येक कीर्तनात घेतलं जातं. देव पतिताला जवळ करतो, हे महाराष्ट्राला नवं नव्हतं.

घर उघडणंही नवं नव्हतं. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं आणि तिथं जन्मलेला मुलगा, यशवंत, स्वतःच्या मांडीवर घेतला होता. हिंदुस्थानात असं काही पाहिलं नाही असं रमाबाई म्हणतात तेव्हा ही उणीव राहते, आणि आपण ख्रिस्ती लोकांनी ती मोकळेपणानं भरून काढली पाहिजे. पुढे रमाबाईंच्या धर्मांतरावर गदारोळ झाला तेव्हा त्यांची बाजू लेखणीनं मांडणाऱ्यांत जोतीराव होते, हे तर मुळीच विसरू नये.

मग फुलहॅमनं त्यांना असं काय दिलं जे आधी नव्हतं? माझं उत्तर असं आहे. पिंगलेला देव भेटतो, पण पिंगलेनं दुसऱ्या दिवशी जेवायचं कुठं, हे कथा सांगत नाही. कान्होपात्रा मंदिरात प्राण सोडते. फुल्यांच्या घरात जेवण होतं, अंथरूण होतं, बाळंतपण होतं. ते उभं होतं न्यायाच्या आणि माणुसकीच्या बळावर, आणि ते बळ थोर होतं. रमाबाईंना फुलहॅममध्ये कथा आणि घर एकाच ठिकाणी दिसलं. तुम्ही हे का करता, या प्रश्नाला तिथल्या बाईनं एक गोष्ट वाचून दाखवली, आणि ती गोष्ट त्या घरात रोज घडत होती. ज्या माणसाला शास्त्रं तोंडपाठ आहेत, त्याला नव्या शास्त्रापेक्षा शास्त्राप्रमाणे चाललेलं घर जास्त हलवतं.

दुसऱ्या बाजूलाही त्यांनी शास्त्र पाहिलं होतं. उन्मत्त होऊन पतीचं उल्लंघन करणाऱ्या स्त्रीला राजानं भर चौकात कुत्र्यांकडून खाववावं, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. साक्षीत त्या याच दंडाची आठवण काढतात. पिंगलेची कथा कीर्तनात आणि हा दंड व्यवहारात, अशी विभागणी त्यांच्या अनुभवात होती.

मधली आठ वर्षं

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला इथं दिसतो, आणि तोच सहसा वगळला जातो.

रमाबाई म्हणतात, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ही आठ वर्षं रिकामी नव्हती. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे शिकणं-शिकवणं झालं. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार, मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) यांवर वाँटेजच्या भगिनींशी कडाक्याची पत्रापत्री झाली. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिका गाठली. तिथं व्याख्यानं दिली, पैसा उभा केला, १८८९ मध्ये परत येऊन शारदा सदन काढलं. यात कुठंही आळस नाही, स्वार्थ नाही. पण पापी म्हणजे फुलहॅमच्या बायका, आणि आपण म्हणजे त्यांना मदत करणारे, अशी मांडणी मनात खोल कुठंतरी राहिली होती.

मग एका इंग्लिश पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. हा पाळक स्वतः उपदेश करत असताना त्याला उमगलं होतं की आपलं स्वतःचं मन कधी वळलंच नाही. ते वाचताना रमाबाई थबकल्या आणि पवित्र शास्त्र नव्या नजरेनं वाचू लागल्या. त्यांनी जे टिपलं त्याचा आशय असा: तारण पुढे कधीतरी मिळायची वस्तू नाही, ते आत्ता मिळतं, त्याला जात लागत नाही, पुरुष असावं लागत नाही, पुण्याचा साठा लागत नाही, जो विश्वास ठेवतो त्याला देव ते फुकट देतो. ब्राह्मणांच्या घरात स्त्री म्हणून जन्मलेल्या आपल्याला ही केवढी आनंदाची बातमी, असं त्या उमाळ्यानं लिहितात.

म्हणजे फुलहॅमला त्यांनी कृपा पाहिली ती दुसऱ्यांसाठी. १८९१ च्या सुमारास ती स्वतःसाठी घेतली. कृपासदन यानंतर उघडलं, आधी नाही. या क्रमाला माझ्या मते अर्थ आहे. कृपा आपल्यालाही लागते हे ज्याला कळलेलं नाही, तोसुद्धा दार उघडू शकतो, पण तो उंबऱ्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून उघडतो. आत येणाऱ्याला ती पायरी दिसते.

पुण्यात त्याच सुमारास काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथं चहा पुढे आला. टिळक आणि रानडे त्या मंडळींत होते. त्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांचे वाद वर्षानुवर्षं चालले. त्यात कुणाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. रानड्यांसारख्या माणसाला घरच्यांच्या आणि मित्रांच्या जिवासाठी प्रायश्चित्त घ्यावं लागलं, ही दुःखाची गोष्ट आहे. पण परत आत यायचं तर आधी किंमत मोज, ही रीत त्या शहराच्या हाडीमांसी होती आणि चहा प्यायलेल्या विद्वानालाही तिच्यातून सूट नव्हती. तिथं बाजारातून आलेल्या मुलीनं कोणतं प्रायश्चित्त घेतलं असतं म्हणजे तिला दार उघडलं असतं?

केडगावला काय ठरलं

१८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. रमाबाई तिकडे गेल्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली बाई दुष्काळी छावण्या पाहत हिंडत होती, आणि त्यांना दिसलं की भुकेपेक्षाही मोठा धोका माणसांचा आहे. अनाथ मुली हेरणारे दलाल तिथं आधीच पोचले होते. जिथं आसरा द्यायचा तिथले मुकादम आणि पहारेकरीही हात टाकत होते. शेकडो मुली-बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवायची परवानगी मिळेना. मग फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर तात्पुरत्या झोपड्या उभारून राहणं झालं. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची काय विटंबना होते आणि तिथं गेलेल्या आपल्या एका मुलीची काय गत झाली, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाहीर विचारलं. सरकारनं आरोप नाकारले.

हे सगळं लक्षात घेतलं की एक अवघड प्रश्न समोर येतो. या मुलींना पापी म्हणायचं का? बारा-चौदा वर्षांची मुलगी, मूठभर दाण्यांसाठी विकलेली. पाप कुणी केलं? समाज एका तोंडानं उत्तर देत होता: तिनं. विकणारा, घेणारा, पहारेकरी, सगळे आपापल्या घरी जेवत होते आणि ती मात्र बाटलेली. ख्रिस्ती शिकवणुकीतही इथं गफलत होते. पाप्यांना कृपा, पाप्यांना कृपा असं घोकताना, जिच्यावर पाप झालं तिलाही आपण पश्चात्तापाच्या बाकावर बसवतो. तिला आधी हवा असतो न्याय, औषध आणि कुलूप लागणारी खोली.

पण रमाबाईंनी दुसऱ्या टोकालाही उडी मारली नाही, आणि यात त्यांचं शहाणपण मला फार मोठं वाटतं. या बिचाऱ्या निव्वळ बळी आहेत, यांच्याशी देवाधर्माचं काय बोलायचं, असं त्यांनी म्हटलं नाही. विहिरीवर येशू जसा त्या बाईशी उपासनेबद्दल बोलला, तसं या मुलींशीही बोलायचं, वाचायला शिकवायचं, शास्त्र हातात द्यायचं, काम शिकवायचं. मुक्तीत विणकाम होतं, शिवण होतं, शेती होती, गुरं होती, छापखाना होता. १९०० पर्यंत दीड हजारांवर माणसं तिथं राहत होती. आधी शारदा सदनात शिकलेल्या मुली आता नव्या आलेल्यांना न्हाऊमाखू घालत होत्या, अक्षरं गिरवायला शिकवत होत्या. फुलहॅममध्ये जे दिसलं होतं ते केडगावला उतरलं.

घर वेगळं का ठेवलं? कृपा सगळ्यांना सारखी, तर मग मुक्ती सदन एकीकडे आणि कृपासदन एकीकडे असं का? मी या प्रश्नाशी बराच झगडलो. वेगळ्या घरामुळे शिक्का बसतो, हे खरं आहे. कृपासदनातली म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं ते कळत असणार. पण धंद्यातून सुटलेल्या बाईची गरज आणि आठ वर्षांच्या अनाथ पोरीची गरज एक नसते. तिला मागे खेचणारे दलाल असतात, आजार असतात, व्यसन असतं, रात्रीची भीती असते, आणि पोरींनाही जपायचं असतं. वेगळं घर हे काळजीपोटी असू शकतं आणि विटाळापोटीही असू शकतं. भिंत तीच, हेतू दोन. ओळखायचं कसं? त्या घरातली बाई काही काळानं मोठ्या अंगणात येते का, तिच्या हाती काम आणि किल्ल्या दिल्या जातात का, प्रार्थनेला ती कुणाच्या शेजारी बसते, यावरून. जूनच्या अखेरीस १९०५ मध्ये मुक्तीत आत्मिक जागृती झाली तेव्हा शेकडो मुली आणि कार्यकर्त्या आपापल्या पापांसाठी मोठ्यानं रडल्या. बाजारातली पापं आणि सोवळ्यातली पापं असा भेद त्या रडण्यात करता आला नसता.

ज्या हरकती घेतल्या गेल्या पाहिजेत

पहिली हरकत बाहेरची आहे, आणि ती वजनदार आहे. उपाशी मुलीला अन्न देऊन तिला आपला धर्म सांगायचा, ही कृपा की सौदा? १८९३ मध्येच पुण्यात यावरून वणवा पेटला होता. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं, पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसह सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावचं काम मात्र उघड ख्रिस्ती होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. तरी प्रश्न उरतोच. भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा मागितला तर त्या क्षणी ती कृपा राहत नाही. तिची किंमत लागली आणि ती दुकानात आली. ज्या कुणाला ख्रिस्ताच्या नावानं असं काम करायचं आहे, त्यानं ही हरकत विरोधकाची म्हणून उडवून लावू नये. ती कृपेच्याच शिकवणुकीतून निघते. रमाबाईंच्या बाजूनं मी एवढंच म्हणेन की ज्यांनी हरकत घेतली त्यांच्यापैकी फार थोडे त्या छावण्यांपर्यंत गेले होते.

दुसरी हरकत घरातली आहे. असं दार सताड उघडं ठेवलं तर लोक पाप सोडतील कशाला? प्रेषित पौलाला हे विचारलं गेलं होतं. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? आणि लगेच ठासून नाही म्हणतो. त्याचं कारण शिक्षेची भीती हे नाही. जो ख्रिस्ताबरोबर मेला आणि नव्यानं जगू लागला, तो जुन्यात राहील कसा, असं तो म्हणतो. बदल लागतोच. केडगावला शिस्त कडक होती, पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवस आखलेला होता. फक्त क्रम उलटा होता. समाज म्हणत होता, सुधार आणि मग ये. कृपासदन म्हणत होतं, ये, जेव, नीज. सुधारायचं ते उद्यापासून दोघी मिळून पाहू.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, बापाची मिळकत उधळून घरी परतणाऱ्या मुलाच्या गोष्टीत, हाच क्रम आहे. धाकट्या मुलानं वाटेत भाषण पाठ केलं होतं, मला चाकर म्हणून ठेवा असं शेवटचं वाक्य त्यात होतं. बाप ते वाक्य पुरं होऊ देत नाही, झगा आणायला सांगतो. आणि थोरला? तो शेतावरून येतो, गाणंबजावणं ऐकतो आणि अंगणात रुसून उभा राहतो. त्याचं म्हणणं हिशेबानं चूक नाही. त्यानं खरंच राबून काढलं होतं. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. पुढे तो आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही, कारण ऐकायला बसलेल्या परुश्यांनी, नियम काटेकोर पाळणाऱ्या त्या धर्मनिष्ठांनी, ते ठरवायचं होतं.

आपल्या मंडळ्यांत

आपल्या मराठी मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या समुदायांना, दीडशे-दोनशे वर्षं झाली. आपण आता बऱ्यापैकी प्रतिष्ठित लोक आहोत: शिक्षक, परिचारिका, बँकेतले, रेल्वेतले. आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती तरी जणी दुष्काळातून, वाळीत पडून, टाकून दिल्यावर मिशनच्या दाराशी आल्या होत्या. काहींच्या घराण्याची मुळं थेट केडगावला जातात. आणि तरीही लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, तुरुंगातून सुटलेला मुलगा, दारू सोडून पुन्हा प्यायलेला बाप, नवऱ्याला सोडून आलेली बाई उपासनेला आली की काय होतं ते मी पाहिलं आहे. कुणी हाकलत नाही. शेवटच्या बाकावर जागा असते. ‘प्रभू येशूची स्तुती असो’ म्हणून हात जोडले जातात. मग उपासना संपते, सगळे घोळक्यानं उभे राहतात, आणि ते माणूस एकटंच फाटकाकडे चालू लागतं. पुढच्या रविवारी ते येत नाही, आणि आपण म्हणतो, बघा, टिकलं नाही.

प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची शिस्त मंडळीत असते. ती असू नये असं माझं म्हणणं नाही. पण पंच मंडळींच्या बैठकीत ती कुणाला लागते ते एकदा प्रामाणिकपणे बघावं. मुलगी सगळ्यांच्या समोर उभी राहते. तिला फसवणाऱ्याचं नाव निघत नाही, विशेषतः तो मोठ्या घरचा असेल तर. हुंडा घेणाऱ्यावर, भावाची जमीन खाणाऱ्यावर, मंडळीच्या पैशात हात घालणाऱ्यावर तीच शिस्त चालल्याचं फारसं आठवत नाही. ही कृपा नाही आणि न्यायही नाही.

रमाबाईंकडून आपण काही घ्यायचं असेल तर इमारत घेण्याची गरज नाही. केडगावला मुक्ती मिशन आजही चालू आहे आणि तिथं मदत करता येते. घ्यायची ती दाराशी कुणाला उभं करायचं याची निवड. आपल्याकडे उपासनेच्या दाराशी हात मिळवायला निवडून-निवडून घरंदाज माणसं उभी केली जातात. तिथं अशा कुणाला उभं करावं जो स्वतः एके दिवशी शेवटच्या बाकावर बसला होता आणि ज्याला कुणीतरी बोलावून पुढे नेलं होतं. नवख्या माणसाच्या चेहऱ्यावरची लाज त्याला आपोआप ओळखू येते. आणि उपासना संपल्यावर त्या माणसाला कुणाच्या तरी घरी जेवायला न्यावं, त्याच रविवारी. सूखारच्या लोकांनी येशूला दोन दिवस ठेवून घेतलं होतं. आपल्याला एक वेळचं जेवण जमायला हरकत नाही.